पाण्याची वही

१

कुलूप शाबूत होतं, काच शाबूत होती, वह्या ओळीने उभ्या होत्या. तरी वाचनालयाचं कपाट उघडताक्षणी बाइंडरबाईला कळलं, यातली एक गेली.

मागच्या सोमवारी तिनेच या वह्यांच्या पाठींची मापं घेतली होती, चारचौघांसमोर, एकही वही न उघडता; आज त्या बांधायला न्यायच्या होत्या. बावीस वह्या, आणि फळी अशी गच्च की बोट घालायला जागा नाही. आज त्या पाय मोकळे करून बसल्यासारख्या ऐसपैस उभ्या होत्या. नेणाऱ्याने एक काढून बाकीच्या जरा जरा सरकवल्या होत्या, मधली फट दिसू नये म्हणून. शहाणा होता. पण पुठ्ठा कापून पोट भरणाऱ्या बाईच्या डोळ्याला सुताचाही फरक कळतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने बोटाने वर्षं मोजली. जी गेली असेल असं वाटलं होतं, तीच गेली होती.

या वह्यांना गावात पाण्याच्या वह्या म्हणत. पूल होण्याआधी, बायका धुण्याला जातात त्या पायऱ्यांवरच्या दगडी खांबावर नदी मोजली जायची. रोज सकाळी आठला मोजणीदार तिथं जायचा, पाणी कोणत्या आकड्यापर्यंत आलंय ते बघायचा आणि वहीत लिहायचा. दहाला टेकलं की खालच्या अंगाला, धक्क्यावर, लाल झेंडा लागायचा आणि होडी बंद व्हायची. एकोणतीस वर्षांपूर्वी एका सकाळी होडी सुटली, नदीच्या मध्यावर उलटली, आणि पलीकडच्या गावी परीक्षेला निघालेली सात पोरं गेली. नावाडी तेवढा वाचला. चौकशी बंद दाराआड झाली. बाहेर आला तो फक्त निकाल: पाणी धोक्याच्या वर होतं, झेंडा लावलेला होता, नावाड्याने पर्वा केली नाही. नावाडी त्यानंतर दोन वर्षं जगला आणि ती दोन वर्षं भेटेल त्याला एकच सांगत राहिला, झेंडा नव्हता.

बाइंडरबाई त्या नावाड्याची मुलगी.

आता गावाच्या इतिहासाचं पुस्तक निघत होतं. लिहिणारे मास्तर, पुढाकार ठेकेदारांचा, आणि जुन्या आठवणी सांगायला मोजणीदार. पुस्तक शनिवारी छापखान्यात जाणार होतं आणि त्यात नावाड्याबद्दल तेच वाक्य होतं. पाचशे प्रती शिवायचं काम गावात दुसरं कोण करणार? तिच्याकडेच आलं होतं. म्हणजे बापाला लावलेला तो बट्टा तिने पाचशे वेळा स्वतःच्या हाताने टाचायचा. ती नाही म्हणाली नाही, कारण त्याबरोबर या बावीस वह्या नव्याने बांधायचं कामही मिळत होतं. ते एक पान एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, एवढ्यासाठी ती एकोणतीस वर्षं थांबली होती.

किल्ली दाराआड खिळ्याला टांगलेली असे. ते ठाऊक होतं तिला आणि त्या तिघांना.

तिने कपाट शांतपणे लावून घेतलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. उलट छातीत काहीतरी थंड आणि गोड पसरत गेलं. ज्याने वही नेली, त्याला त्या पानाची भीती वाटत होती. आणि ज्याला भीती वाटते, त्याला शोधता येतं.

२

मास्तर खिडकीशी छापखान्याचे कच्चे कागद तपासत बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ये गं. चेहरा का असा? जेवलीस ना?"

मास्तरांवर तिचा जीव होता. वडील गेल्यावर शाळेत तिच्या बाकावर कुणी बसत नसे, तेव्हा तिला टेबलाशेजारी खुर्ची देणारे हेच. हाताला काम हवं म्हणून जुन्या बाइंडरकडे तिला घेऊन जाणारेही हेच. तिने वही गेल्याचं सांगितलं.

"कुणी आणि का न्यावी?" ते म्हणाले. "पण तू काळजी करू नकोस, पुस्तक अडत नाही. त्या पानाचा फोटो छापखान्याचा माणूस गेल्याच महिन्यात घेऊन गेलाय. हा बघ."

त्यांनी एक कागद पुढे केला आणि लगेच मागे ओढला. "तुला बघवेल ना पण?"

"बघू द्या, मास्तर."

तारीख. सकाळी आठ. पाणी अकरा. धक्क्यावर लाल झेंडा लावला. खाली मोजणीदाराची सही.

एकोणतीस वर्षांनी ते पान तिच्यासमोर होतं आणि त्यात वडिलांच्या बाजूने एक अक्षरही नव्हतं.

"बाळ, काही गोष्टी जशा असतात तशा मान्य कराव्या लागतात," मास्तर हळू म्हणाले. "मीही कठोर शब्द वापरलेला नाही. 'पर्वा केली नाही' एवढंच लिहिलंय."

"अकरा म्हणजे कुठवर? तुम्ही खांब पाहिलाय का हो मास्तर, पुस्तकासाठी?"

"मी कागदांचा माणूस. बदली होऊन या गावात उतरलो तो बसने, आणि पाण्याचं मला लहानपणापासून भय. धक्क्यापर्यंत गेलो असेन कामापुरता. त्या शेवाळलेल्या पायऱ्या म्हणजे बायकांचं राज्य." ते हसले. "आणि आता हे गुडघे."

"हा कागद एक दिवस नेऊ?"

"ने की. पण स्वतःला त्रास करून घेऊ नकोस."

दारातून वळताना तिने पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं आणि उंबऱ्यातच थबकली. पानाच्या शिलाईकडच्या कडेला केसाएवढी एक काळी रेघ होती. अशी रेघ शिलाईने पडत नाही, ती खळीने पडते.

३

"आई, भिंग दे जरा."

आई खळ ढवळत होती. बाइंडरबाईने कागद दिव्याखाली धरला. शिवलेल्या वहीत पान कधी एकटं नसतं. एकच कागद मधून दुमडला की त्याची दोन पानं होतात, एक अलीकडे, एक पलीकडे, आणि घडीतून दोरा जातो. हे पान एकटं होतं. आधीचं पान मुळाशी कापून, उरलेल्या बोटभर कडेला हे मागाहून चिकटवलेलं होतं. चांगल्या हाताने, सावकाश चिकटवलेलं. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. बाइंडरला मात्र वही हातात घेताच दिसलं असतं, म्हणून तर ती तिच्या हाती लागू द्यायची नव्हती.

"पान खोटं आहे," ती म्हणाली.

आईची पळी थांबली, पुन्हा फिरू लागली. "ते मला तेव्हाच माहीत होतं. कुणी केलं ते सांग."

"ठेकेदारांकडे जाते. होडीचा ठेका त्यांचा होता. नावाड्यावर ढकललं नसतं तर त्यांच्यावर आलं असतं."

"जपून बोल त्याच्याशी. तो माणूस दहावरून बारावर जातो."

गावात तापट माणसाबद्दल असंच बोलायची पद्धत होती. ठेकेदारांनी ते खरंही करून दाखवलं. वाळूच्या ढिगापाशी खुर्ची टाकून ते ट्रक भरून घेत होते. वहीचं नाव निघताच खुर्ची मागे पडली.

"मी चोर? तुझ्या तोंडाला काही हाड?"

"तुमचा फायदा झाला होता, एवढंच म्हणते मी."

"झाला. नाही कुठं म्हणतो?" एकदा भडकून झालं की ते लगेच निवत. त्यांनी स्वतःच खुर्ची उचलली. "ठेका टिकला माझा. पण पान लिहायला अक्षर लागतं, बाई. मला सहीपुरतं येतं, ती पण तीन वेळा गिरवून. आख्खं आयुष्य नदीत गेलं माझं. त्या खांबावरून उड्या मारत मोठा झालो, शाळेत कोण गेलंय?"

"त्या दिवशी झेंडा होता का?"

ठेकेदारांनी ट्रकवाल्याला जायची खूण केली. ट्रक दृष्टीआड होऊ दिला.

"मी गोदामात होतो. झेंडा मी पाहिला नाही. पण तुझा बाप सकाळी सकाळी आला होता माझ्याकडे. म्हणाला, वर डोंगरात पाऊस दिसतोय, पाण्याचा रंग बरा नाही, आज नको. मी म्हटलं, झेंडा नसेल तर अडवायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. होडीत बसणारे काय म्हणतात ते बघ. तो गेला, आणि धक्क्यावर पोरं आधीच होडीत बसलेली होती."

"कुणी बसवली?"

"परीक्षेची पोरं. वेळेवर पोचायला हवीत, नाहीतर वर्ष वाया." एवढं बोलून त्यांनी जीभ चावल्यासारखं केलं. "मोजणीदाराला विचार. सही त्याची आहे."

४

मोजणीदाराकडे जाण्याआधी ती नदीकडे वळली. आठ वर्षांची होती तेव्हा आईने तिला या पायऱ्यांवर शेवटचं उतरू दिलं होतं. पंधराएक पायऱ्या, कडेला शेवाळ, खाली दूधवाली मावशी किटल्या घासत होती. त्या सातांत तिची मुलगी होती. गल्लीतल्या प्रत्येक दारात ती दूध घालायची, नावाड्याच्या दारावरून मात्र मान वळवून जायची. एकोणतीस वर्षांत एक दिवसही चुकली नव्हती.

"इथं काय काढलंस?" मावशी मान वर न करता म्हणाली.

"खांब बघायचाय."

"बघ. तुझ्या बापाने बघितला असता तर बरं झालं असतं."

नदी उतरलेली होती, खांब जवळजवळ उघडा. तिने हाताने शेवाळ पुसलं आणि खालून वर आकडे वाचत गेली. सात. आठ. नऊ. दहा, त्याच्यापाशी लाल रंगाचा जुना ओघळ.

मग बारा.

तिने पुन्हा पुसलं. नखाने खरवडलं. दहाच्या वर, बरोब्बर एका फुटावर, बारा कोरलेला होता. त्याच्यावर तेरा.

"मावशी, यावर अकरा नाही?"

"नाहीच. पाथरवट विसरला म्हणे. आमच्या सासूच्या सासूपासून असंच आहे. म्हणून तर म्हणतात ना, दहावरून बारावर." किटली घासणारा हात मंद झाला. "का गं?"

बाइंडरबाईने कागद तिच्यासमोर धरला. मावशीला वाचता येत नव्हतं. पण आकडे येत होते. दुधाच्या धंद्यात आकडे यावेच लागतात. ती त्या अकराकडे बघत राहिली, मग खांबाकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"हे कुणी लिहिलं?" तिने विचारलं, आणि एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा नावाड्याच्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं.

५

मोजणीदार ओट्यावर उन्हात बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यामुळे आता त्यांना माणसं आवाजावरून ओळखावी लागत.

"काका, त्या दिवशी पाणी किती होतं?"

त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. "चौकशीत सांगितलंय मी."

"चौकशीला बाहेरगावचे साहेब आले होते. त्यांना अकरा म्हटलं तरी चालतं. तुम्ही रोज खांब वाचायचात. तुमच्या हातून अकरा लिहिलं जाईल का? झोपेतसुद्धा जाणार नाही."

म्हाताऱ्याचा जबडा हलला. मग त्यांच्या सगळ्या अंगातून हवा निघून गेल्यासारखी झाली.

"नऊ," ते म्हणाले. "आठ वाजता नऊ होतं. मी नऊ लिहिलं, झेंडा लावला नाही. लावायचा नियमच नव्हता. लोंढा नंतर आला. पण पोरं गेल्यावर मला म्हणाले, नऊला झेंडा का नाही लावलास म्हणून तुला फासावर देतील. पान तयार आहे, खाली सही कर. माझी चार लेकरं होती गं."

"आणि अकरा?"

"पाहिलं मी." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "सही करताना पाहिलं. बोललो नाही. म्हटलं, राहू दे. गावातला एखादा तरी कधी वही उघडेल, त्याला अकरा दिसेल, तो मला येऊन विचारेल, आणि मग मी सांगेन. मी वाट बघत होतो."

"एकोणतीस वर्षं?"

"हो."

"माझ्या वडिलांकडे दोनच होती, काका." ती अगदी मऊ आवाजात बोलत होती. "या ओट्यावरून ते रोज जायचे. तुम्ही त्यांना हाक मारायचात, बस म्हणायचात, चहा द्यायचात. चहा देताना कधी मनात आलं नाही, आता सांगावं?"

ते हुंदके देऊ लागले. तिने देऊ दिले. पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं नाही.

"पान कुणी आणलं, ते मी सांगणार नाही," ते शेवटी म्हणाले. "देवासमोर शपथ घेतलीय."

"मोडू नका. मीच सांगते. तुम्हाला आकडा ठाऊक होता. ठेकेदार खांबावरून उड्या मारत वाढले, त्यांनाही ठाऊक होता, शिवाय त्यांना लिहिता येत नाही. या गावात जन्मलेल्या कुणाच्याही हातून अकरा लिहिलं गेलं नसतं. ते लिहिणारा माणूस बाहेरून आलेला आहे. कित्ता गिरवून घेता घेता कुणाच्याही अक्षरासारखं अक्षर काढायला शिकलेला. परीक्षेची पोरं वेळेवर पोचावीत म्हणून धक्क्यावर उभा असलेला. गावाचा सगळा इतिहास लिहून झाला तरी एकदाही पाण्यापर्यंत न उतरलेला." तिला दम लागला. "आणि मी वही बांधताना काय काय बघते, हे माझ्या दुकानात बसून ज्याने कितीदा पाहिलंय, असा."

मोजणीदारांनी तोंड फिरवलं.

तिला वाटलं होतं, शत्रू सापडला की मोकळं वाटेल. पण तिला दिसली ती शाळेतली ती खुर्ची. टेबलाशेजारची. दया म्हणून दिलेली, असं ती इतकी वर्षं समजत होती. त्या खुर्चीवर बसून ती त्यांचे आभार मानत मोठी झाली होती. वडिलांचं मरण एक वेळ तिने सोसलं असतं, आभार मानल्याचं मात्र तिला सोसवेना.

६

शुक्रवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा कोट घालून पायऱ्या उतरत होते. पुस्तकाच्या मागच्या पानावर लेखकाचा फोटो हवा, तोही जुन्या मोजखांबापाशी, असा निरोप ठेकेदारांकडून गेला होता. निरोप बाइंडरबाईने पाठवायला लावला होता, आणि ठेकेदारांनी कारण ऐकून लगेच पाठवला होता. पायऱ्या उतरायला तिनेच मास्तरांच्या काखेत हात दिला.

"सावकाश. निसरडं आहे."

"तू आहेस म्हणून आलो बघ," ते धापा टाकत म्हणाले. पाण्याकडे बघणं ते टाळत होते. शेवटच्या कोरड्या पायरीवर तिने त्यांना बसवलं. धुणं थांबलं होतं. बायका उभ्या होत्या, पुढे दूधवाली मावशी. त्या सात घरांतल्या बायकांना आज बोलावणं होतं.

"फोटोवाला कुठाय?"

"येईल. तोवर खांब वाचून दाखवा. तुमच्या पुस्तकातला आहे ना."

"पोरखेळ काय हा." पण ते हसून वाचायला लागले, शाळेत पाढे म्हणायचे त्या सुरात. "पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा..."

आणि थांबले.

"पुढे वाचा, मास्तर."

त्यांचे ओठ हलले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा बदलला नाही. तिने छापखान्याचा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. अक्षर वाचायची त्यांना गरज नव्हती, ते त्यांचंच होतं.

"इथल्या धुणाऱ्या बायकांना जे माहीत आहे, ते तुम्हाला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "वही कुठाय?"

मास्तरांनी मांडीवरचा कागद उलटा केला.

"घरी. कपाटात." ते कोटाच्या बटणाशी चाळा करत होते. "जाळायला घेतली होती. हात धजला नाही." मग एकदम, जवळजवळ तक्रारीच्या सुरात, "पोरांचं वर्ष वाया गेलं असतं. तुझे वडील नाहीच म्हणत होते. मी म्हटलं, झेंडा दाखव. मला काय ठाऊक, पाणी असं येईल? चौकशीत पहिला प्रश्न मलाच आला असता, पोरं कुणी बसवली. मी तुला शिकवलं ना गं. तुझ्यासाठी जेवढं करता आलं तेवढं केलं. ते वाक्य काढतो मी पुस्तकातून. आत्ता काढतो."

"काढायचं नाही. त्याच्या जागी काय झालं ते लिहायचं, तुमच्या नावानिशी. आज दुपारी छापखान्यात मी घेऊन जाणार आहे. पण ते नंतर. आधी यांना काही विचारायचंय."

ती बाजूला झाली. दूधवाली मावशी पुढे आली. तिने किटली खाली ठेवली, हात पदराला पुसले. एकोणतीस वर्षं ती ज्या दारावरून मान वळवून गेली, ते दार चुकीचं होतं, हे तिला कालपासून झोपू देत नव्हतं.

"मास्तर, माझी पोर पाण्याला भ्यायची," ती म्हणाली. "होडीत बसायला नको म्हणत होती का?"

मास्तरांनी वर पाहिलं नाही.

"खरं सांगा. आता खोटं बोलून काय मिळणार?"

"हो," ते म्हणाले.

"मग?"

"मी हात धरून बसवली."

मावशीने मान हलवली, जणू कुणी तिला एखादा पत्ता सांगितला होता. ती रडली नाही. किटली उचलली आणि पायऱ्या चढू लागली. जाता जाता बाइंडरबाईपाशी थांबली. "तुझ्या आईला सांग, उद्यापासून दूध घालते. तिने घेतलं तर." तिच्यामागून दुसरी बाई निघाली, मग तिसरी. कुणी शिवी दिली नाही, दगड उचलला नाही. पिळे खांद्यावर टाकून सगळ्या वर निघून गेल्या, आणि पायऱ्यांवर दोघंच उरली.

मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. गुडघे वळेनात. शेवाळावर हात घसरला आणि कोटाची बाही ओली झाली. पाणी हातभरावर होतं, संथ, उथळ, कुणालाही काही करणार नाही असं. तरी त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बाई," त्यांनी हात पुढे केला. "हात दे गं जरा. मला एकट्याला चढवणार नाही."

ती त्या हाताकडे बघत राहिली.

"हाका मारा, मास्तर," ती नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली. "माझे वडील दोन वर्षं मारत होते. कुणी ना कुणी येईल."

आणि ती पायऱ्या चढून गेली.